फॉर्मला स्वतःचे नियम लावताना: जावास्क्रिप्ट व्हॅलिडेशन पायरीपायरीने

मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांत नवा भाडेकरू आला की ऑफिसात फॉर्म भरून द्यावा लागतो. नाव, विंग आणि फ्लॅट, मोबाइल, मूळ पत्त्याचा पिन कोड, गाडीचा नंबर, कराराची सुरुवात आणि शेवट. हाच फॉर्म वेबवर आणायचा असेल तर एचटीएमएलमधले तयार नियम निम्मं काम करतात. ‘हा फ्लॅट आपल्या इमारतीत आहे का’ किंवा ‘शेवटची तारीख सुरुवातीच्या नंतरची आहे का’ हे मात्र ब्राउझरला सांगावं लागतं. या लेखात तेच करू. कुठलीही लायब्ररी लागणार नाही. कोडमधली नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत आणि सलग लिहायची. जावास्क्रिप्टच्या बहुतेक नावांत दुसऱ्या शब्दापासून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं (‘नंबर’ फंक्शन, ‘सेट’ आणि ‘अबॉर्ट कंट्रोलर’ यांत पहिल्या शब्दाचंही, आणि ‘एचटीएमएल’, ‘आयएसओ’ ही लघुरूपं पूर्ण कॅपिटल). एचटीएमएलच्या गुणधर्मांची नावं पूर्ण लहान लिपीत असतात, ‘एरिया’ने सुरू होणाऱ्या नावांत ‘एरिया’नंतर डॅश येतो.

आधी नियम मराठीत लिहा

एडिटर उघडण्याआधी प्रत्येक रकान्यापुढे तीन गोष्टी लिहून काढा: काय चालेल, काय चालणार नाही आणि न चालल्यास माणसाला कोणतं वाक्य दिसेल. तिसरी गोष्ट लिहिताना नियमातली भोकं आपोआप दिसतात. ‘अवैध इनपुट’ हे वाक्य लिहायला सोपं, पण त्यावरून भरणाऱ्याला काय बदलायचं ते कळत नाही. ‘मोबाइल नंबर १० आकडी हवा, तुम्ही ९ आकडे दिलेत’ असं लिहायला गेलात की आकडे मोजायचा कोड लागणार हेही लक्षात येतं.

एक पक्षपात इथेच सांगून टाकतो. खोटी नोंद आत येणं आणि खऱ्या माणसाला दारात अडवणं, यातली दुसरी चूक जास्त महाग. खोटी नोंद ऑफिसात पकडता येते. अडवलेला माणूस फॉर्म सोडून देतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून शंका असेल तिथे नियम सैल ठेवा.

तयार नियम कुठे पुरतात आणि कुठे अडवतात

‘रिक्वायर्ड’ (रकाना भरलाच पाहिजे) बिनधास्त वापरा. ‘मॅक्सलेंग्थ’ (जास्तीत जास्त किती चिन्हं) जपून. मोबाइलच्या रकान्याला मर्यादा १० ठेवली आणि कोणी व्हॉट्सअ‍ॅपवरून +९१, मग जागा, मग पाच आकडे, पुन्हा जागा आणि उरलेले पाच आकडे असा नंबर पेस्ट केला, तर ब्राउझर पहिली १० चिन्हं ठेवून बाकी छाटतो. म्हणजे नंबराचे पहिले पाचच आकडे आत येतात आणि वर ‘नंबर अपुरा आहे’ असं आपणच त्याला सुनावतो. मर्यादा २० ठेवा, मोजणी नंतर करा.

मोबाइल आणि पिनसाठी रकान्याचा प्रकार ‘नंबर’ ठेवू नका. तिथे ‘मॅक्सलेंग्थ’ लागूच होत नाही, घातांकाचं ‘ई’ अक्षर चालतं, आणि टाइप केलेलं ब्राउझरला कळलं नाही तर व्हॅल्यू म्हणून रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, मिळते. माणसाने काय लिहिलं होतं ते तुम्हाला दिसतच नाही. मोबाइलला ‘टेल’ प्रकार द्या, पिनला साधा ‘टेक्स्ट’ आणि ‘इनपुटमोड’ म्हणून ‘न्यूमेरिक’. फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो.

‘पॅटर्न’ या गुणधर्मात लिहिलेला रेजेक्स (मजकुराचा साचा सांगणारी चिन्हांची ओळ) पूर्ण व्हॅल्यूला लागतो, जणू पुढे सुरुवात दाखवणारं ^ आणि मागे शेवट दाखवणारं $ आहेच. तोच रेजेक्स जावास्क्रिप्टमध्ये उचलून नेला तर ही दोन चिन्हं स्वतः घालावी लागतात. नाहीतर ‘सहा आकडे’ हा नियम आठ आकड्यांनाही पास करतो, कारण आठात सहा असतातच. ‘पॅटर्न’मधला रेजेक्स व्याकरणात चुकला असेल तर ब्राउझर तो गुपचूप सोडून देतो. तक्रार फक्त ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलमध्ये दिसते, रकाना काहीही स्वीकारतो.

आणखी एक कारण स्वतःचे संदेश लिहिण्याचं: ब्राउझरचे तयार संदेश पानाच्या भाषेत येत नाहीत, ब्राउझरच्या भाषेत येतात. पान पूर्ण मराठीत असलं तरी इंग्रजी क्रोममध्ये फुगा इंग्रजीच येणार.

सफाई वेगळी, तपासणी वेगळी

नवशिक्यांचे नियम फुगतात ते या दोन गोष्टी एकत्र केल्यामुळे. जागा, डॅश, +९१, मराठी आकडे या सगळ्यांची सोय एकाच रेजेक्समध्ये करायला गेलात की तो महिन्याभराने तुम्हालाच वाचता येणार नाही. आधी सफाईचं फंक्शन: कच्ची व्हॅल्यू घेतं, स्वच्छ स्ट्रिंग परत देतं. मग नियमाचं फंक्शन: स्वच्छ स्ट्रिंग घेतं, सगळं ठीक असेल तर रिकामी स्ट्रिंग आणि नसेल तर संदेश परत देतं. खरं-खोटं परत देण्यापेक्षा संदेशच परत देणं बरं, कारण एका नियमातून दोन-तीन वेगळी वाक्यं देता येतात.

मोबाइलची सफाई जवळून पाहू. मराठी कीबोर्डवरून आलेला ‘९’ आणि इंग्रजी नऊ ही संगणकासाठी वेगळी चिन्हं आहेत. जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला बॅकस्लॅश-डी फक्त इंग्रजी आकडे ओळखतो आणि ‘नंबर’ फंक्शनला मराठी ९ दिला तर ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’, असं उत्तर मिळतं. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५, म्हणून या पट्ट्यातल्या प्रत्येक चिन्हाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की आकडा हातात येतो. हे आधी करा. त्यानंतर इंग्रजी आकडे सोडून बाकी सगळं काढून टाका. यात डॅश आणि जागा जातातच, पण संपर्कयादीतून कॉपी करताना चिकटून येणारी न दिसणारी दिशाचिन्हंही जातात. ‘ट्रिम’ ती काढत नाही, हे लक्षात असू द्या.

आता +९१. अधिकचं चिन्ह गेल्यावर १२ आकडे उरतात. पुढचे ९१ काढायचे, पण फक्त लांबी बरोबर १२ असेल तरच. ९१ ने सुरू होणारे १० आकडी मोबाइल नंबर सर्रास आहेत. न मोजता काढलेत तर त्यांचे आठच आकडे राहतील. तसंच पुढचा ० लांबी ११ असेल तेव्हाच काढा. यानंतर नियम अगदी साधा: १० आकडे, पहिला ६ ते ९ मधला.

नावाचा रकाना

इथे सर्वात जास्त खरे लोक अडतात. ‘फक्त ए ते झेड’ हा नियम मराठीत नाव लिहिणाऱ्याला बाहेर काढतो. मग कोणीतरी युनिकोडचा ‘लेटर’ वर्ग वापरतं आणि ‘स्मिता’ अडते, कारण त्या वर्गात फक्त स, म, त बसतात. हलन्त, वेलांटी आणि काना ‘मार्क’ वर्गात आहेत. दोन्ही वर्ग घ्या आणि रेजेक्सला ‘यू’ फ्लॅग द्या, नाहीतर हे वर्ग चालतच नाहीत.

एवढ्यावर भागत नाही. ‘गोऱ्हे’ हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. हे जोडचिन्ह ना ‘लेटर’मध्ये बसतं ना ‘मार्क’मध्ये, त्यामुळे एका गोऱ्ह्यांचा फॉर्म जातो आणि दुसऱ्यांचा जात नाही. त्याचा क्रमांक ८२०५, आणि जोड तोडणाऱ्या भावंडाचा ८२०४. दोन्ही परवानगीच्या यादीत घाला. वांद्रे-वसईकडच्या डिसोझांसाठी अपॉस्ट्रॉफी हवीच, आणि ती दोन रूपांत: सरळ आणि वळलेली. आयफोनचा कीबोर्ड बहुतेक वेळा वळलेली देतो. आद्याक्षरांसाठी टिंब आणि मधली जागाही चालू द्या.

‘किमान ३ अक्षरं’ हा नियम लावू नका. जावास्क्रिप्ट लांबी मोजते ती कोडच्या तुकड्यांत: ‘ओम’ची लांबी २ आणि ‘श्री’ची ४. म्हणजे ओम नापास, श्री पास. नावासाठी ‘रिकामं नको’ आणि ‘आकडे नकोत’ एवढं पुरतं.

फ्लॅट, पिन, गाडी

फ्लॅट नंबर रेजेक्सने तपासायचा मोह होतो: एक अक्षर, डॅश, मजला, घर. पण सातव्या मजल्यावर रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा) असेल तर तिथलं ७०३ अस्तित्वातच नसेल, आणि काही टॉवरांत तेराव्या मजल्याला १२ए म्हणतात. सोसायटीकडे फ्लॅटांची यादी असतेच. ती ‘सेट’ या जावास्क्रिप्टच्या संग्रहात भरा आणि व्हॅल्यू त्यात आहे का एवढंच पाहा. दोन-तीनशे नावांची यादी ब्राउझरला काहीच जड नाही. जिथे यादी मिळते तिथे रेजेक्स लिहू नये.

पिन कोड ६ आकडी, पहिला आकडा ० नसतो. याहून पुढे जाऊ नका. ‘४०० ने सुरू म्हणजे मुंबई’ हे गृहीतक चुकीचं आहे: दादरचा ४०००१४ तसा ठाण्याचा ४००६०१ आणि वाशीचा ४००७०३. मूळ पत्ता तर देशात कुठलाही असू शकतो.

गाडीच्या नंबरासाठी आधी सगळं कॅपिटल करा, जागा आणि डॅश काढा. मग दोन साचे तपासा. नेहमीचा: राज्याची २ अक्षरं, आरटीओचे १ किंवा २ आकडे, मालिकेची ० ते ३ अक्षरं, शेवटी १ ते ४ आकडे. ताडदेवचा एमएच ०१, अंधेरीचा एमएच ०२, वडाळ्याचा ०३, बोरिवलीचा ४७ हे सगळे यात येतात. दुसरा साचा २०२१ पासूनच्या भारत मालिकेचा: वर्षाचे २ आकडे, मग बीएच, ४ आकडे, शेवटी १ किंवा २ अक्षरं. हा विसरलात तर बदलीवर आलेले बँकवाले आणि केंद्र सरकारी कर्मचारी अडकतील. ‘फक्त एमएच चालेल’ असा नियम तर नकोच. आरटीओच्या आकड्याच्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ पडणं ही नेहमीची चूक आहे. ती दिसली तर संदेशात तसंच सांगा.

सगळं जोडणारं फंक्शन

नियमांचा एक ऑब्जेक्ट करा. डावीकडे रकान्याचं नाव, उजवीकडे नियमांच्या फंक्शनांची यादी. मग एका रकान्याची तपासणी करणारं फंक्शन याच क्रमाने लिहा:

१. रकान्यावर आपला चुकीचा संदेश लावणाऱ्या ‘सेट कस्टम व्हॅलिडिटी’ला रिकामी स्ट्रिंग द्या. जुनी चूक पुसली जाते.
२. रकान्याचा ‘व्हॅलिडिटी’ ऑब्जेक्ट पाहा. ‘व्हॅल्यू मिसिंग’ खरं असेल, म्हणजे सक्तीचा रकाना रिकामा असेल, तर आपला मराठी संदेश घ्या आणि पाचव्या पायरीवर जा.
३. व्हॅल्यूची सफाई करा. ऐच्छिक रकाना रिकामा असेल तर नियम न चालवता पाचव्या पायरीवर जा. गाडी नसलेल्याला नंबर विचारू नका.
४. नियम क्रमाने चालवा. पहिला संदेश मिळाला की थांबा. एका रकान्याखाली तीन तक्रारी कोणी वाचत नाही.
५. संदेश ‘सेट कस्टम व्हॅलिडिटी’ला द्या, रकान्याखालच्या ओळीत ‘टेक्स्ट कंटेंट’ने लिहा आणि ‘एरिया इनव्हॅलिड’ खरं करा. चूक नसेल तर ती ओळ रिकामी करून हा गुणधर्म काढून टाका.

संदेश कधीही ‘इनर एचटीएमएल’ने लिहू नका. त्यात माणसाने टाइप केलेला मजकूर असू शकतो आणि तो कोड म्हणून चालेल. संदेशाची ओळ ‘एरिया डिस्क्राइब्डबाय’ने रकान्याला जोडा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ती ऐकू येते.

पहिली पायरी गाळली की काय होतं ते पाहण्यासारखं आहे. समजा तुम्ही सगळी तपासणी फॉर्मच्या ‘सबमिट’ इव्हेंटमध्ये, म्हणजे फॉर्म पाठवताना चालणाऱ्या कोडमध्ये, लिहिली. माणसाने चुकीचा मोबाइल दिला, तुमच्या कोडने संदेश लावला. त्याने नंबर दुरुस्त केला आणि बटण पुन्हा दाबलं. पण रकान्यावर जुना संदेश अजून चिकटलेला आहे, म्हणून ब्राउझरच्या लेखी फॉर्म चुकीचा आहे. फॉर्म चुकीचा असेल तर ब्राउझर ‘सबमिट’ इव्हेंट उडवतच नाही. आणि संदेश पुसणारा कोड नेमका त्याच इव्हेंटमध्ये! बरोबर नंबर समोर दिसतोय, फुगा जुनंच बोलतोय, पान रिफ्रेश केल्याशिवाय सुटका नाही.

उपाय दुहेरी. एक, पुसण्याचं काम ‘इनपुट’ इव्हेंटवरही (काहीही टाइप होताच) करा. दोन, पान उघडताच जावास्क्रिप्टमधूनच फॉर्मचं ‘नो व्हॅलिडेट’ खरं करा, म्हणजे पाठवताना ब्राउझर स्वतः अडवणार नाही, आणि ‘सबमिट’मध्ये सगळे रकाने स्वतः तपासून, एकही चुकला तर ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ने पाठवणं रोखून पहिल्या चुकलेल्या रकान्यावर फोकस न्या. हा गुणधर्म थेट एचटीएमएलमध्ये लिहू नका. स्क्रिप्ट लोड झालीच नाही तर निदान ब्राउझरचे तयार नियम जागे राहतात.

कोडमधून फॉर्म पाठवायचा असेल तर ‘रिक्वेस्ट सबमिट’ वापरा. नुसतं ‘सबमिट’ बोलावलं तर ना तपासणी होते ना इव्हेंट येतो.

चूक कधी दाखवायची

पहिलाच आकडा टाइप केल्यावर ‘१० आकडे हवेत’ म्हणणं हा उद्धटपणा आहे. रकाना सोडल्यावर, म्हणजे ‘ब्लर’वर, पहिल्यांदा तपासा. चूक एकदा दिसली की मग मात्र प्रत्येक ‘इनपुट’वर तपासा, म्हणजे दुरुस्त होताक्षणी ती नाहीशी होते. रंगासाठी सीएसएसमध्ये ‘इनव्हॅलिड’ऐवजी ‘यूजर-इनव्हॅलिड’ घ्या. पहिलं वापरलं तर पान उघडताच सगळे सक्तीचे रकाने लाल दिसतात.

स्वच्छ व्हॅल्यू रकान्यात परत लिहायची असेल तर ‘चेंज’ इव्हेंटवरच (बदल करून रकाना सोडल्यावर) लिहा. टाइप होत असताना लिहिलीत तर कर्सर शेवटी उडी मारतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या कीबोर्डवर तर शब्द अर्धवट असतानाच त्याची मोडतोड होते. इव्हेंटचं ‘इज कंपोझिंग’ खरं असेल, म्हणजे शब्द अजून जुळत असेल, तर तपासणीही पुढे ढकला.

रेजेक्सला ‘जी’ फ्लॅग (सगळ्या जुळण्या शोधण्याची खूण) लावून ‘टेस्ट’ बोलावू नका. तो मागच्या वेळी कुठे थांबला ते लक्षात ठेवतो आणि पुढची तपासणी तिथून सुरू करतो. परिणामी तोच नंबर एकदा बरोबर, एकदा चूक ठरतो.

तारखांची जोडी

‘डेट’ रकान्याची व्हॅल्यू वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाची स्ट्रिंग असते, म्हणून आधी-नंतर ठरवायला दोन स्ट्रिंगांची तुलना पुरते. संदेश शेवटच्या तारखेवर लावा, पण सुरुवातीची तारीख बदलली तरी शेवटची पुन्हा तपासा. नाहीतर वर सांगितलेलाच अडकलेला संदेश इथे वेगळ्या रूपात भेटतो.

‘आजच्या आधीची तारीख नको’ या नियमासाठी लोक ‘टू आयएसओ स्ट्रिंग’चे पहिले १० चिन्ह घेतात. ते जागतिक वेळेचे असतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत हा कोड कालची तारीख आजची म्हणून देतो. दिवसा केलेल्या चाचणीत हे कधीच सापडत नाही. वर्ष, महिना आणि दिवस वेगवेगळे घेऊन स्ट्रिंग बांधा. महिना ० पासून मोजला जातो, त्यात १ मिळवा, आणि एक आकडी महिना-दिवसापुढे शून्य लावा.

अकरा महिन्यांचा करार मुंबईत नेहमीचा, म्हणून शेवटची तारीख सुचवणं सोयीचं. पण २२, ३३ किंवा ३६ महिन्यांचेही करार होतात, तेव्हा तिची सक्ती नको. १ एप्रिल २०२५ मध्ये ११ महिने मिळवून एक दिवस वजा केला की २८ फेब्रुवारी २०२६ येते, ठीक. ३१ मार्च २०२५ मध्ये ११ महिने मिळवले तर जावास्क्रिप्ट ३१ फेब्रुवारी शोधते आणि ३ मार्च २०२६ देते. मिळवल्यावर दिवसाचा आकडा बदललेला दिसला तर ‘सेट डेट’ला ० द्या, मागच्या महिन्याचा शेवटचा दिवस मिळतो. अशा वेळी पुन्हा एक दिवस वजा करू नका.

सर्व्हरला विचारावं लागणारे नियम

‘या फ्लॅटवर आधीच चालू करार आहे का’ हे सर्व्हरच सांगू शकतो. टाइपिंग थांबल्यावर साधारण ४०० मिलिसेकंद थांबा, मग विचारा. नवी विचारणा करताना जुनी ‘अबॉर्ट कंट्रोलर’ने रद्द करा, नाहीतर ७०४ चं उशिरा आलेलं उत्तर ९०४ ला चिकटतं. नेट गेलं आणि उत्तर आलंच नाही तर संदेश लावू नका. शेवटची तपासणी सर्व्हरवर होणारच आहे.

ती व्हायलाच हवी. ब्राउझरमधले नियम कोणीही डेव्हलपर टूल्स उघडून दोन मिनिटांत काढून टाकू शकतो. सर्व्हर नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्टवरच, चालत असेल तर नियमांची तीच फाइल वापरा. दुसरी भाषा असेल तर रेजेक्स जसाच्या तसा उचलू नका: पायथॉन ३ मध्ये साध्या मजकुरावर बॅकस्लॅश-डी मराठी आकडेही पास करतो, जावास्क्रिप्टमध्ये करत नाही. सफाईची पायरी तिकडेही आधी चालवा.

बटण दाबूनही काहीच होत नसेल तर

कन्सोलमध्ये ‘क्वेरी सिलेक्टर ऑल’ला कोलन आणि ‘इनव्हॅलिड’ देऊन पाहा. अडलेले रकाने समोर येतात. बहुतेक वेळा तो लपवलेला रकाना निघतो. ‘गाडी नाही’ या चौकोनावर टिक केली, नंबराचा रकाना सीएसएसने लपला, पण त्यावरचं ‘रिक्वायर्ड’ तसंच राहिलं. न दिसणाऱ्या रकान्यावर फोकस नेता येत नाही, म्हणून पान गप्प बसतं. रकाना लपवताना ‘डिसेबल्ड’ही करा: असे रकाने तपासणीतून वगळले जातात आणि सर्व्हरकडेही जात नाहीत. ‘रीडओन्ली’ करून भागवू नका. तपासणी त्यालाही लागत नाही, पण आत राहिलेली जुनी व्हॅल्यू सर्व्हरकडे जाते.